वाघ वर सोडलात, पायथ्याचा सातबारा कोण वाचणार?

प्रति,
मा. क्षेत्र संचालक, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प
आणि
मा. विभागीय वन अधिकारी, रत्नागिरी (चिपळूण)

महोदय, सप्रेम नमस्कार.

चांदोलीत वाघीण आणलीत, चांगले केलेत. ताडोबा आणि पेंच मिळून आठ वाघ आणायला केंद्राने परवानगी दिली आहे, त्यातली पहिली नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून आली. जानेवारी २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हापासून ‘पण सह्याद्रीत वाघ आहे कुठे?’ हे ऐकून सगळ्यांचेच कान किटले होते. मे २०१८ मध्ये एक कॅमेऱ्यात सापडला तेव्हा कुठे हायसे वाटले. आता तो प्रश्न मागे पडला. हे पत्र पुढच्या प्रश्नाचे आहे, आणि तो घाटाखालून विचारायचा आहे.

चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७.६७ चौरस किलोमीटरचे. पर्यटक मणदूरच्या बाजूने आत शिरतो, वारणेचे पाणी पूर्वेला जाते, कचेऱ्याही घाटावर. उद्यानाचे सगळे तोंडच देशाकडे आहे. पाठ कोकणाकडे, आणि पाठीला डोळे नसतात. प्रचितगडाच्या कड्याशी हद्द संपते. तिथून सात-आठशे मीटर खाली शृंगारपूर. याच कड्याच्या कुशीतून शास्त्री नदी निघते आणि संगमेश्वरावरून जयगडच्या खाडीला जाते. नकाशावरचा गडद हिरवा रंग कड्यावर संपतो, जंगल मात्र संपत नाही. ते उतारावरून खाली येते, ऐन-किंजळाच्या रायांतून, पऱ्ह्यांच्या (डोंगरातल्या ओढ्यांच्या) काठच्या सदाहरित पट्ट्यांतून, देवाच्या नावाने राखलेल्या देवरहाट्यांतून थेट वाडीच्या दगडी गडग्यापर्यंत. गवा, सांबर, डुक्कर, बिबट्या हे सगळे या उतारावरून जा-ये करतात. उद्या वाघही करील.

हा उतार रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक सगळा खासगी मालकीचा आहे. विदर्भातून बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला ही गोष्ट पचायला वर्ष जाते. समोर दाट जंगल दिसत असते आणि त्यात वनखात्याचा एक दगडही नसतो. म्हणून आधी सातबाऱ्याबद्दल लिहितो. वाघाबद्दलच्या पत्रात हे विचित्र वाटेल, पण पश्चिमेकडचे सगळे तिथेच अडले आहे.

पायथ्याचा एखादा डोंगरी गट डोळ्यांसमोर आणा. क्षेत्र चार हेक्टर, त्यातले निम्मे पोटखराब, आणि भोगवटादाराच्या रकान्यात चाळीस नावे. त्यांतली काही मयत, वारस नोंद झालेली नाही. बरीचशी मुंबईत, विरारपासून डोंबिवलीपर्यंत पांगलेली. गावात राहणारी घरे तीन. हिस्से आणे-पैत लिहिलेले, वाटप कधी झालेच नाही, कोण कुठला तुकडा कसतो ते तोंडी ठरलेले. अशा जमिनीवर कर्ज काढायचे, घर बांधायचे किंवा नुकसानभरपाई घ्यायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि त्या कधीच जमत नाहीत. लाकूड विकायचे म्हटले की मात्र जमतात! व्यापारी स्वतः मुंबई फिरतो, एकेकाच्या हातावर थोडे थोडे ठेवतो आणि संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन परत येतो. सरकारला जे जमत नाही ते लाकूडवाल्याला जमते, कारण त्याला ते हवे असते.

तोड पूर्वीही व्हायची, हे मान्य करायला हवे. ऐन, किंजळ कुऱ्हाडीने हातभर वरून तोडले की पहिल्या पावसात बुंध्याला धुमारे फुटत. दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे छाटले की पंधरा-वीस वर्षांत रान पुन्हा उभे. पोरगा जन्मला त्या साली तोडलेली राई त्याच्या लग्नाच्या मांडवाला तयार असे. आता हाताशी यांत्रिक कटर आला, पण खरा फरक केला तो जेसीबीने. ट्रक पोहोचावा म्हणून आधी उताराला रस्ता पाडायचा. लाकूड गेल्यावर बुंधे मुळासकट उपटायचे, उतार कापून मजग्या, म्हणजे पायऱ्या, काढायच्या आणि वेंगुर्ला ४ किंवा ७ ची काजूकलमे सात-सात मीटरवर लावायची, हेक्टरी दोनशे. बुंधा गेला की फुटवा गेला. तोडलेले जंगल परत येते, उपटलेले येत नाही, आणि आपल्या तोड परवान्याच्या अर्जात या दोन गोष्टींत फरक करणारा एकही रकाना नाही.

काजूला आमचा विरोध नाही. पडीक वरकस जमिनीवर काजू लावला तर त्यात वाईट काहीच नाही, आणि रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने १९९० पासून कोकणातल्या कितीतरी घरांना आधार दिला आहे. पण तीस अंशांच्या उतारावरची उभी राई उपटून लावलेल्या काजूलाही तेच अनुदान मिळत असेल, तर सरकारचा एक हात वर वाघ सोडतो आणि दुसरा खालून जंगल उपटायला पैसे देतो. अनुदानाच्या अर्जाला जमिनीचा उतार आणि गेल्या पाच वर्षांचा उपग्रह फोटो जोडायला लावा. कृषी सहायकाला मोबाइलवर दहा मिनिटांचे काम आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, त्याच दिवसांत खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड येऊन माणसे गाडली गेली. प्रत्येक दरड तोडीमुळेच येते असे म्हणणे खोटे ठरेल. अखंड जंगलातही कडे कोसळतात. तरी मजगी काढताना उताराचा पाय कापला जातो, वरची माती सैल होते आणि मुरलेल्या पाण्याला वाट मिळत नाही, हे तर कुठलाही गवंडी सांगेल. संगमेश्वराच्या बंदरापर्यंत एके काळी गलबते येत. तो गाळ कुठून आला हे विचारायला आता उशीर झाला आहे, पण पुढचा कुठून येणार ते डोळ्यांसमोर दिसते आहे.

परवान्याबद्दल आणखी एक. १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, खैर, हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ आहेत. बेहडा नाही, सातवीण नाही, वड-उंबर नाहीत. म्हणजे ज्या झाडाला बाजारात भाव आहे ते कागदावर तरी राखलेले, आणि ज्याच्यावर पाखरे जगतात ते मोकळे. धनेशाचेच घ्या. त्याला जुन्या, जाड खोडाची नैसर्गिक ढोली लागते, ती तो स्वतः कोरत नाही. बेहडा, सातवीण, रायवळ आंबा यांच्या खोडात फांदी मोडून, कूज लागून अशी ढोली तयार व्हायला कित्येक दशके जातात. साधारण फेब्रुवारीच्या सुमारास मादी आत बसते, विष्ठा आणि फळांच्या गराने दार लिंपून घेते आणि उंबर-वडाच्या फळांवर नर तिला फटीतून भरवतो. तोडीचा हंगामही नेमका नोव्हेंबर ते मे. त्या काळात झाड पडले की आतली मादी आणि पिल्ले संपतात, आणि वाचलेल्या नराला पुढच्या वर्षी ढोली मिळत नाही.

यासाठी कायदा बदलायची वाट पाहायला नको. परवाना देण्याआधी जी स्थळपाहणी होते तिच्यात तीन गोष्टी नोंदवायला लावा: छातीच्या उंचीवर दोन मीटरपेक्षा जास्त घेर असलेली झाडे, ढोली असलेली झाडे आणि वड-पिंपळ-उंबराची जात. एवढी सोडून बाकीची तोड. शिवाय पऱ्ह्याच्या दोन्ही काठांना वीस-वीस मीटर हात लावायचा नाही. व्यापाऱ्याचे यात फारसे बुडत नाही, कारण पोकळ बेहड्याला जळाऊ लाकडाचाच भाव येतो. उद्या सकाळपासून सुरू करता येईल असे या पत्रातले हे एकच काम आहे.

मूळ मुद्दा मालकाच्या पैशाचा. घाटमाथ्यावर आपण २०२० पासून संवर्धन राखीव क्षेत्रांची साखळी केलीत: विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, खाली आंबोली-दोडामार्ग, तिलारी. राधानगरीकडून चांदोलीकडे येणाऱ्या वाघाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर होते, आणि आमच्या उतारावर सरकारी जमीन नाही. खासगी जमिनीसाठी वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ‘समुदाय राखीव’ आले. त्याचे नाव काढले की पायथ्याचा माणूस दार लावून घेतो, आणि त्यात चूक काही नाही. एकदा जाहीर झाल्यावर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. चाळीस हिस्सेदारांच्या जमिनीवर कायमची गाठ मारायला कोण तयार होईल?

म्हणून आधी दहा वर्षांचा करार करा. उभे जंगल उभे ठेवल्याबद्दल हेक्टरी वार्षिक रक्कम, दर शिमग्याला ग्रामसभेसमोर मोजून दिलेली. बुंध्यावरचा फुटवा छाटणे, जळाऊ लाकूड, शिकेकाई, हिरडा, मध, कवळ हे सगळे मालकाचे हक्क तसेच ठेवा. बंदी फक्त उपटण्यावर आणि सरसकट तोडीवर. दहा वर्षांनी पटले तर समुदाय राखीव करू, नाही पटले तर मोकळे होऊ. पैसा व्याघ्र प्रतिष्ठानातून द्यायचा की कॅम्पाच्या, म्हणजे भरपाई वनीकरणाच्या, निधीतून, ते आपण ठरवा. पण सह्या कचेरीत बसून मिळणार नाहीत. वर्षातून दोनदाच अख्खा भाऊबंद गावात असतो, गणपतीला आणि शिमग्याला. तलाठ्याला घेऊन शिबिर तेव्हाच लावा. पालखी घरोघर फिरते त्या चार दिवसांत जेवढ्या वारस नोंदी होतील तेवढ्या एरवी चार वर्षांत होणार नाहीत.

आता वणवा. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कड्यावर जी लाल माळ दिसते ती बहुतेक वेळा खालून चढलेली असते. कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. कोणी भाजावळ करताना, म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजताना, ठिणगी सुटते, कोणी काजूची बाग साफ करून पातेरा पेटवतो, कोणी गवताला फुटवा चांगला यावा म्हणून सडा, म्हणजे जांभ्याचे सपाट पठार, जाळतो, कोणी डुक्कर बाहेर काढायला काडी लावतो, आणि बिडी तर आहेच. ‘वणवा लावू नका’ ही पाटी या सगळ्यांना एकच उत्तर देते, म्हणून ती कोणी वाचत नाही. भाजावळीवर बंदी घालून भाजावळ थांबणार नाही. भाताच्या रोपाला राब, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेली जमीन, लागतो. थांबवता येईल ती तिची वेळ.

दुपारी ऊन कड्यावर पडले की तापलेल्या दगडावरून वारा वर चढू लागतो, आणि खालून समुद्राचा खारा वारा त्याला येऊन मिळतो. चारच्या सुमारास दोन्ही एकाच दिशेने, वर. उतार दर दहा अंशांनी वाढला की चढत्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. तीस अंशांच्या उतारावर सपाटीच्या आठपट झाला. अशा आगीच्या पुढे माणूस धावू शकत नाही आणि जनावरांतही पिसोरी हरीण, खवल्या मांजर, जमिनीवर अंडी घालणारी पाखरे निघू शकत नाहीत. रात्रीचे उलट असते. कडा गार होतो, मतलई वारा खाली उतरतो आणि पहाटे दव असते. तेव्हा राब पहाटे, फार तर सकाळी आठपर्यंत जाळायचा. आधी राबाभोवती तीन मीटर पट्टा मातीपर्यंत झाडून घ्यायचा. काडी वरच्या कडेला लावायची, म्हणजे आग उताराविरुद्ध रांगत खाली येते. खालून लावली की दोन मिनिटांत वरच्या रानात. आंब्याला फवारणी करायचा सोळा लिटरचा पाठपंप भरून जवळ ठेवायचा आणि दोन माणसांनी ओल्या फांद्या घेऊन शेवटचा धूर जाईपर्यंत थांबायचे. ज्या वाडीत हे ठरवून पाळले जाते तिथे भाजावळीची आग सहसा बाहेर जात नाही.

जाळरेषांची गोष्ट निराळी. आपली रेषा कड्याच्या माथ्यावर असते, हद्दीवर. चढून आलेली आग माथ्यावर पोहोचते तेव्हा ती सर्वांत जोरात असते, आणि तिच्या ठिणग्या सहा मीटरची रेषा सहज ओलांडतात. रेषा पायथ्याला हवी, जिथे शेत संपून रान सुरू होते तिथल्या जुन्या पायवाटेवर. आग तिथे अजून लहान असते. पण ती जमीन खासगी, म्हणून तिथे खर्च टाकता येत नाही. यातून मार्ग काढणे हेच तर प्रशासनाचे काम. दुसरे, जानेवारीत रेषा झाडली की काम झाले असे धरले जाते. इथली पानझड एकदम होत नाही. ऐन, किंजळ, नाणा, सावर आपापल्या वेळेने एप्रिलपर्यंत पाने टाकत राहतात, आणि मार्चच्या मध्याला ती झाडलेली रेषा पुन्हा घोटाभर पातेऱ्याखाली असते. निदान दोनदा झाडावी लागते, जानेवारीअखेर आणि शिमग्यानंतर. ब्लोअर मिळाला तर दोन माणसे दिवसात बरेच अंतर उरकतात.

उपग्रहाचे संदेश येतात हे माहीत आहे. पण आगी टिपणाऱ्या उपग्रहांच्या मुख्य फेऱ्या दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास होतात. चारला लागलेली गवताची आग दहापर्यंत विझलेली असते. जी दिसते तिचाही ठिपका सरकारी हद्दीबाहेर पडला तर तो कोणाच्या कामाचा? मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तीन ते सात वाडीतला एक माणूस सड्यावर टेहळणीला बसवा आणि त्याला रोजंदारी द्या. शिट्टी आणि मोबाइल एवढीच सामग्री पुरते.

फासकी हा शब्द आपल्या कागदांत येतो तो बिबट्या अडकल्यावर. ती दिसते कशी? दुचाकीची जुनी क्लच किंवा ब्रेकची तार, तिला सरकगाठ, दुसरे टोक वाकवलेल्या रोपट्याला किंवा जाड ओंडक्याला. लावतात ती गडग्याच्या खिंडारात किंवा वईला (कुंपणाला) पडलेल्या भोकात, जमिनीपासून वीतभर-दीड वीत वर, डुकराच्या मानेच्या मापाने. दोन्ही बाजूंना काटक्या टेकवून जनावराला नेमके त्याच वाटेवर आणलेले असते. डुक्कर मान घालते आणि मरते. बिबट्याचे डोके आणि पुढचे पाय निघून जातात, तार कमरेला बसते. तो जितका ओढतो तितकी रुतते. सोडवल्यावर बाहेरून जखम किरकोळ दिसते, आत मूत्राशय आणि आतडी चेंगरलेली असतात, म्हणून ‘सुखरूप सुटका’ झालेले जनावर दोन-चार दिवसांत दगावू शकते. त्याला लगेच रानात सोडायची घाई करू नये, निदान लघवी-विष्ठा नीट होते आहे एवढे तरी पाहावे.

गस्त रस्त्याने आणि कॅमेऱ्याच्या वाटेने होते. फासकी मिळते गडग्याच्या कडेने चालल्यावर. ताजी कापलेली फांदी, विनाकारण उभ्या केलेल्या काटक्या, घासून गुळगुळीत झालेले खोड, या तीन खुणा. भात निसवल्यापासून कापणीपर्यंत, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि मग मार्च ते मे, या काळात आठवड्याला एक फेरी पुरेशी आहे. वाटाड्या गावातलाच घ्या. फासकी कुठे लागते ते ज्याला माहीत आहे त्याच्याकडे पूर्वी कोणत्या कामामुळे ही माहिती आली, याची चौकशी करू नका.

पण फासकी लावणारा प्रत्येक जण शिकारी नसतो. वर्षाचे भात एका रात्रीत लोळवले गेले की माणूस तार शोधतो. त्याला कुंपण द्या, आणि चालणारे द्या. सौर कुंपण, ज्याला सगळे झटका मशीन म्हणतात, ते वाटले जाते आणि दोन पावसाळ्यांत गंजत पडते, याची कारणे साधी आहेत. पावसाळ्यात गवत वाढून खालच्या तारेला टेकले की वीज जमिनीत निघून जाते. दर आठ-दहा दिवसांनी तारेखालचे गवत कापले नाही तर सहा-सात हजार व्होल्टचे दोन हजार होतात, आणि गव्याच्या कातडीला दोन हजार म्हणजे गुदगुल्या. उन्हाळ्यात उलटे होते. जांभ्याची जमीन सुकून ठणठणीत झाली की अर्थिंग मिळत नाही, मग मशीन टिकटिक करते पण झटका बसत नाही. एका सळईवर भागवू नका. तीन सळया, प्रत्येकी दीड-दोन मीटर, तीन-तीन मीटर अंतरावर, शक्यतो विहिरीच्या किंवा पऱ्ह्याच्या ओलीत ठोकून तिथून तार आणा. सड्याजवळ तेही जमत नसेल तर तारा एकाआड एक जिवंत आणि अर्थच्या ठेवा, म्हणजे जनावराने दोन्हींना स्पर्श केला की फेरा पूर्ण होतो. योजनेत मशीनसोबत व्होल्ट मोजायचा टेस्टर आणि एक सुटी बॅटरी द्या, निम्म्या तक्रारी येणारच नाहीत. माकडांचा बंदोबस्त याने होणार नाही, ती वरच्या फांदीवरून येतात.

भरपाईची मुदत कडक आहे. पिकाची तक्रार तीन दिवसांत, गुराची ४८ तासांत. शेतकऱ्यावरची मुदत पाळली जाते, मग फाइल येऊन अडते ती पुन्हा त्याच चाळीस नावांवर. इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र आणा! दोन हजारांच्या भातासाठी मुंबईच्या तीन फेऱ्या कोण मारील? पोलीस पाटील आणि सरपंच यांच्या पंचनाम्यावर जो प्रत्यक्ष कसतो त्याच्या खात्यात रक्कम जावी, मालकी हक्काचा वाद त्याने ठरत नाही अशी एक ओळ खाली लिहावी. गुराच्या बाबतीत तर उशीर परवडणारच नाही. गोव्यात म्हादईच्या रानात जानेवारी २०२० मध्ये चार वाघ विषाने मेले. त्यामागे मारलेल्या गुरांचा राग होता. वाघ एकदा मारलेल्या गुराकडे परत येतो आणि विष घालायला एक रात्र पुरते. आपला माणूस पहिल्या संध्याकाळी पोहोचला आणि हातात काही रक्कम ठेवली तर ती रात्र टळते.

इथे भाषेची एक अडचण सांगून ठेवतो. कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात. ‘वाघाने पाडा नेला’ असा फोन आला की पलीकडचा सवयीने बिबट्या लिहितो. आतापर्यंत चालून गेले, यापुढे चालणार नाही. फोन घेणाऱ्याने ‘पट्ट्याचा की ठिपक्यांचा’ एवढे विचारावे आणि ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो मागवावा.

आंबा घाटाचा रस्ता रुंद होतो आहे. चांदोलीहून विशाळगडाकडे जाणारी जनावरांची वाट तिथेच आडवी जाते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीचे नऊ पूल-भुयारी मार्ग बांधले आणि त्यांखालून वाघ-गवे जातात हे कॅमेऱ्यांनी दाखवले. घाटात इतके लांब जमणार नाही. पण जिथे पऱ्ह्या रस्त्याखालून जातो तिथे सिमेंटच्या नळाऐवजी उंच मोरी आणि तिच्यात पाण्याच्या पातळीवर एका बाजूला कोरडा कट्टा ठेवला, तोंडाशी राडारोडा टाकला नाही, तर सांबर, डुक्कर, साळिंदर त्यातून जाते. काम संपल्यावर हे करता येत नाही.

गुरे आणि कुत्रे यांचे थोडक्यात. कापणीनंतर मोकाट सोडलेली गुरे रानात गव्यांच्या पाणवठ्यावर जातात, लाळ्या-खुरकूत तिथूनच पसरते. वर्षातून दोनदा लसीकरण शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचले पाहिजे, रस्ता संपतो तिथपर्यंत नव्हे. वाडीतल्या कुत्र्यांनाही रेबीज आणि डिस्टेंपरची लस हवी. उद्यानात उठलेल्या गावांच्या जुन्या शेतांवर जी गवताळ मैदाने झाली आहेत, ती रानमोडी या परक्या तणापासून राखायची तर पाऊस ओसरताना, माती मऊ असताना, फुले येण्याआधी मुळासकट उपटावी लागेल, सलग तीन-चार वर्षे. नुसती कापली तर दुप्पट फुटते, जाळली तर मोकळ्या जमिनीवर तीच आधी उगवते. एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी खुरवाली जनावरे लागतात. ती गवतावर जगतात, रानमोडीवर नाही.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दल जे गैरसमज पसरले आहेत त्यांना खात्याचे मौन कारणीभूत आहे. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहे. त्यात बंदी आहे ती खाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, लाल यादीतले उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठी बांधकामे यांवर. गोठा बांधायला, नांगर धरायला, घराला वरचा मजला चढवायला नाही. हे मराठीत, एका पानावर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला कोणाची परवानगी लागते? ते पान लागले नाही म्हणून चिरेखाणवाल्याने सांगितलेले खरे मानले गेले.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याच्या आधी एक दिवस काढून कड्याखाली या. गाडी शृंगारपूरपर्यंत येते, पुढे चालावे लागेल. पायथ्याची जाळरेषा कुठल्या पायवाटेवरून न्यायची, कोणत्या गटात किती नावे आहेत, कुठले बेहडे पोकळ आहेत ते जागेवर दाखवू. तलाठ्यालाही सोबत आणा. आणि सकाळी येऊन दुपारी परतू नका, चारपर्यंत थांबा. वारा वर कसा चढतो ते तेव्हाच कळते.

आपले,
सह्याद्रीच्या कोकण पायथ्याचे शेतकरी, वाटाडे आणि झाडापाखरांच्या नोंदी ठेवणारे
(तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी)